दुकान आणि दाखला: इंडोनेशियातील चिनी वंशाचे नागरिक कोणाचे?

प्रश्न असा आहे: आग्नेय आशियातील चिनी वंशाच्या लोकांना तेथील बाजारपेठेत एवढी संधी मिळाली, पैसा मिळाला, मग त्या देशांना ते अजूनही परके का वाटतात? आणि आता चीन स्वतःच बलाढ्य झाला असताना हे लोक मनाने कोणाच्या बाजूला आहेत?

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. खाद्यतेलाच्या आयातीत माझी एकतीस वर्षे गेली. सुरुवातीची काही मशीद बंदरातील एका दलालाच्या पेढीत आणि पुढची इंडोनेशियातील मेदान व जकार्ता, मलेशियातील पेनांग आणि बँकॉक येथील निर्यातदारांशी व्यवहार करण्यात. समोर बसलेला माणूस बहुतेक वेळा चिनी वंशाचा असे. त्याच्याशी उधारीचे आणि मालाच्या प्रतीचे वाद घालता घालता जे कळले, आणि ते पडताळून पाहण्यासाठी जे वाचले, त्याच्या आधारे हे उत्तर लिहितो. दहा देशांविषयी थोडे थोडे सांगण्यापेक्षा इंडोनेशियाविषयी नीट सांगतो. मलेशिया आणि थायलंड ताडून पाहण्यापुरते येतील.

प्रश्नातील ‘मग’ हा शब्द मला खटकतो. संधी आधी मिळाली आणि आपलेपणा मात्र मागून यायचा राहून गेला, असा क्रम त्यात गृहीत धरला आहे. माझ्या समजुतीप्रमाणे या दोन्ही गोष्टी एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या. राज्यकर्त्यांना व्यापार करणारा, कर गोळा करून देणारा, पण सत्तेवर कधीच हक्क सांगू न शकणारा एक वर्ग हवा होता. परका राहण्याच्या अटीवरच त्या वर्गाला दुकान मिळाले. पुढे राज्यकर्ते बदलले, अट तशीच राहिली.

ही अट रोजच्या आयुष्यात कशी दिसते, हे सांगायला बॅडमिंटनचे उदाहरण सोयीचे आहे, कारण त्यातील नावे आपल्याकडेही माहीत आहेत. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुसी सुसांती आणि अॅलन बुदिकुसुमा यांनी एकेरीची दोन सुवर्णपदके जिंकली. इंडोनेशियाची ती पहिली ऑलिंपिक सुवर्णपदके. दोघेही चिनी वंशाचे, दोघांचाही जन्म जावा बेटावरचा. राष्ट्रगीत वाजत असताना सुसीच्या डोळ्यांतून वाहणारे पाणी साऱ्या देशाने दूरदर्शनवर पाहिले. तरीही या खेळाडूंना सरकारी कामासाठी गेल्यावर ‘इंडोनेशियाच्या नागरिकत्वाचा पुरावा’ असे लांबलचक नाव असलेला एक वेगळा दाखला दाखवावा लागे. एसबीकेआरआय या आद्याक्षरांनी तो ओळखला जाई. पारपत्र काढायचे, विद्यापीठात नाव घालायचे, लग्न नोंदवायचे, बाळाचा जन्मदाखला काढायचा, तर प्रत्येक खिडकीवर त्याची मागणी होई. जावानीज किंवा सुंदानीज शेजाऱ्याला असा दाखला कोणी विचारत नसे. 1978 च्या न्यायखात्याच्या नियमाने ही पद्धत पक्की झाली, 1996 मध्ये अध्यक्षांच्या आदेशाने ती रद्दही झाली; पण खिडकीवरच्या कारकुनापर्यंत तो आदेश पोहोचायला वर्षे लागली, कारण दाखला नसलेला माणूस ही त्याच्या वरकमाईची सोय होती. सिडनीत रौप्यपदक आणि पुढच्याच वर्षी विश्वविजेतेपद मिळवलेल्या हेंद्रावानचा नागरिकत्वाचा प्रश्न 2002 मध्ये, तोही वरून लक्ष घातले गेल्यावर सुटला.

मेदानमधील एका निर्यातदाराने मला एकदा आपल्या कचेरीतील तिजोरी उघडून दाखवली होती. जमिनीचे करारनामे खालच्या कप्प्यात होते. वरच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत आजोबांचा, वडिलांचा आणि स्वतःचा दाखला, प्रत्येकाच्या अनेक साक्षांकित प्रतींसह, जपून ठेवलेला होता. “जमीन गेली तर पुन्हा घेता येईल,” एवढेच तो म्हणाला. त्याच्या चौथ्या पिढीचा मुलगा तेव्हा शाळेत होता.

याचे मूळ डचांच्या कारभारात आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1619 मध्ये बटाविया, म्हणजे आजचे जकार्ता, वसवले, तेव्हा शहर उभारायला सुतार, गवंडी, भाजीवाले, व्यापारी असे सगळेच हवे होते, आणि ते दक्षिण चीनच्या फुजिआन किनाऱ्यावरून आले. कंपनीने त्यांच्यावर त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला. त्याला ‘कपितान’ म्हणत. कर त्याने गोळा करायचा, भांडणे त्याने मिटवायची. पुढे शहराबाहेरच्या साखरेच्या गुऱ्हाळांवर हजारो चिनी मजूर कामाला लागले. साखरेचा भाव पडला, बेकारी वाढली, कंपनीने बेकारांना पकडून सिलोनला पाठवण्याचे घाटले आणि त्यांना वाटेतच समुद्रात बुडवतात अशी अफवा उठली. त्यातून बंड झाले आणि ऑक्टोबर 1740 मध्ये बटावियात सुमारे दहा हजार चिनी माणसे कापली गेली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट त्यानंतरची आहे. वाचलेल्यांना तटाबाहेरच्या ग्लोडोक भागात वसवण्यात आले, आणि थोड्याच काळात कंपनी त्यांच्याशी पूर्वीसारखा व्यापार करू लागली. ग्लोडोक आजही जकार्ताचा चिनी बाजार आहे.

एकोणिसाव्या शतकात डच सरकारने ही रचना कायद्यात बसवली. प्रजेचे तीन वर्ग होते: युरोपीय, ‘परदेशी पौर्वात्य’ आणि ‘देशी’. चार-पाच पिढ्या जावात राहिलेले, घरात मलय किंवा जावानीज बोलणारे चिनीही मधल्या वर्गात गेले. त्यांनी ठरवून दिलेल्या वस्तीतच राहायचे, वस्तीबाहेर प्रवास करायचा तर परवाना घ्यायचा. 1870 च्या शेतजमीन कायद्याने देशी माणसाची जमीन परक्याच्या नावावर करण्यास बंदी घातली. जमीन घेता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही, सैन्यात जाता येत नाही. मग उरते काय? व्यापार, सावकारी आणि सरकारी मक्ते. अफूची विक्री, गहाणाची दुकाने यांचे मक्ते लिलावाने दिले जात आणि ते घेणारे मोठे आसामी बहुधा चिनी असत. सरकारची तिजोरी भरे आणि शिव्या मक्तेदार खाई. चिनी माणूस जन्मतःच व्यापारी असतो, असे जे सर्रास बोलले जाते, त्याची पाळेमुळे अशा कायद्यांत आहेत. त्याच काळात बांका बेटावरच्या कथलाच्या खाणींत आणि पश्चिम बोर्निओच्या शेतांत राबणारे चिनीही होते आणि त्यांचे अनेक वंशज आजही गरीब आहेत. पण गोष्ट सांगताना त्यांची आठवण कोणाला होत नाही. अहमदनगर आणि पुणे जिल्ह्यांत 1875 मध्ये शेतकऱ्यांनी मारवाडी व गुजराती सावकारांचे रोखे जाळले, त्या प्रसंगाशी मराठी वाचकाला याचे साम्य दिसेल. फरक एवढाच की, कर्जाच्या प्रश्नाला येथे कोणी नागरिकत्वाचा प्रश्न बनवले नाही.

नागरिकत्वाचा गुंता विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. 1909 मध्ये पेकिंगच्या मांचू सरकारने कायदा केला की चिनी बापाचे मूल जगात कोठेही जन्मले तरी ते चिनी प्रजाजन. डच घाबरले आणि त्यांनी 1910 मध्ये उलट कायदा करून आपल्या वसाहतीत जन्मलेल्या चिन्यांना डच प्रजाजन ठरवले. एकाच माणसावर दोन सरकारांनी मालकी सांगितली आणि त्या माणसाला कोणी विचारले नाही. समाजातही तोवर दोन गट पडले होते: पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच झालेले, मलय बोलणारे ‘पेरानाकान’ आणि नव्याने आलेले, चिनी बोलणारे ‘तोतोक’. बाहेरच्याला दोघे सारखेच दिसत. सरकारलाही.

स्वातंत्र्यानंतर 1949 च्या समझोत्यात उदार नियम ठरला: इंडोनेशियात जन्मलेल्या चिन्याने दोन वर्षांत नकार दिला नाही, तर तो आपोआप नागरिक. पण दुहेरी नागरिकत्व सुटले नव्हते. एप्रिल 1955 मध्ये बांडुंग येथील आशियाई-आफ्रिकी देशांच्या परिषदेच्या वेळी चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय आणि इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री सुनार्यो यांनी करार केला, की अशा माणसांनी एकच देश निवडावा. चीनने स्वतःहून सोडलेला हा हक्क महत्त्वाचा होता आणि त्याचे श्रेय चाऊंना द्यायला हवे. मात्र करार अमलात येईपर्यंत 1960 उजाडले आणि नियमाची दिशा फिरली होती. पूर्वी गप्प बसणारा नागरिक ठरत असे. आता न्यायालयात जाऊन चिनी नागरिकत्व सोडत असल्याचे जाहीर करणारा नागरिक ठरू लागला. खेड्यातल्या ज्या किराणा दुकानदाराला हे कळलेच नाही, किंवा आपण आधीपासूनच नागरिक आहोत म्हणून जो गेलाच नाही, त्याची मुले कागदावर परकी झाली. 1969 मध्ये इंडोनेशियाने तो करारही एकतर्फी रद्द केला. कागदाचा घोळ करणारे सरकार होते आणि निस्तरणारा दुकानदार.

याच सुमारास, 1959 च्या शेवटी, सरकारी नियम क्रमांक 10 निघाला. परकीय नागरिकांना जिल्ह्याच्या ठिकाणाखालच्या गावांत किरकोळ दुकान चालवायला बंदी. हेतू देशी दुकानदाराला वाव देण्याचा होता आणि तो हेतू मी चुकीचा मानत नाही. पण कोण परकीय हेच ठरलेले नसताना तो अमलात आणला गेला, पश्चिम जावात तर लष्कराने कुटुंबेच्या कुटुंबे गावांतून उठवली. चीनने जहाजे पाठवली आणि 1960 मध्ये लाखाच्या आसपास लोक ‘मायदेशी’ गेले, जो मायदेश त्यांतल्या अनेकांनी कधी पाहिलाही नव्हता. जे मागे राहिले त्यांनी गावातून शहर गाठले आणि तेथे पुन्हा दुकान थाटले. पुढे ‘शहरातला बाजार चिन्यांच्या हातात आहे’ अशी तक्रार जी सुरू झाली, तिला हा नियमही कारणीभूत आहे.

1965 च्या फसलेल्या उठावानंतर लष्करातले जनरल सुहार्तो सत्तेवर आले आणि या विषयातील सर्वांत विचित्र बत्तीस वर्षे सुरू झाली. एका बाजूने चिनीपणावर बंदी आली: 1966 मध्ये चिनी शाळा बंद झाल्या, चिनी नावे बदलण्याची मोहीम निघाली, 1967 च्या अध्यक्षीय सूचना क्रमांक 14 ने चिनी सण आणि पूजा घराच्या चार भिंतींआड ढकलल्या. सरकारी लिखाणात ‘तिओंगहोआ’ हा समाजाचा स्वतःचा शब्द जाऊन ‘चिना’ हा टोचणारा शब्द आला. कारकुनीच्या, लष्कराच्या, सरकारी विद्यापीठांच्या वाटा अलिखित नियमांनी अरुंद झाल्या. दुसऱ्या बाजूने याच सरकारने मोजक्या चिनी उद्योजकांना अशी संधी दिली, की डचांनाही हेवा वाटावा. लिम सिओ लिओंग हे त्यांचे ठळक उदाहरण. 1916 मध्ये फुजिआनमध्ये जन्मलेला हा माणूस 1938 मध्ये मध्य जावातील कुदुस गावी आला, लवंगांच्या व्यापारात पडला, सेमारांगच्या लष्करी तुकड्यांना माल पुरवता पुरवता सुहार्तोंच्या ओळखीचा झाला. पुढे सुदोनो सालिम या नावाने पीठ, सिमेंट, बँक आणि शेवया अशा सगळ्या धंद्यांत त्याचा समूह पसरला. अशा भागीदाराला तिथे ‘चुकोंग’ म्हणत. भांडवल आणि अक्कल त्याची, परवाना आणि संरक्षण सेनाधिकाऱ्याचे.

सुहार्तोंना देशी उद्योजक का नको होते? कारण देशी श्रीमंताला पक्ष काढता येतो, मते मागता येतात. चुकोंगला ते शक्य नव्हते. मार्च 1990 मध्ये सुहार्तोंनी एकतीस बड्या उद्योगपतींना आपल्या तापोस येथील पशुपालन फार्मवर बोलावले आणि दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांसमोर बजावले, की आपल्या कंपन्यांचे पंचवीस टक्क्यांपर्यंत भाग सहकारी संस्थांना द्या. बहुतेक सगळे चिनी वंशाचे. त्या चित्रणाने एक काम चोख केले: देशातल्या विषमतेला कोणता चेहरा आहे, हे लोकांना दाखवून दिले. ज्यांच्या सहीने मक्ते मिळाले होते, ते सुहार्तो स्वतः मात्र जाब विचारणाऱ्याच्या जागी बसले होते.

येथे एका आकड्याविषयी बोलले पाहिजे, कारण प्रश्नकर्त्यानेही बहुधा तो ऐकला असेल: ‘तीन टक्के चिनी लोकांकडे सत्तर टक्के अर्थव्यवस्था.’ या विधानाचे मूळ शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या एका हिशेबात आहे, आणि त्यातून सरकारी व परदेशी मालकीच्या कंपन्या आधीच वगळल्या होत्या. इंडोनेशियाचे तेल, खाणी, मोठ्या बँका, वीज, भातशेती हे सारे बाजूला ठेवून उरलेल्या वाट्यातला तो वाटा होता. शिवाय मूठभर कुटुंबांची संपत्ती साऱ्या समाजाच्या नावावर मांडली गेली. लोकसंख्येविषयी म्हणाल, तर 2010 च्या जनगणनेत स्वतःला चिनी वंशाचे म्हणवणारे सुमारे 28 लाख, म्हणजे 1.2 टक्के भरले. नोंद करून घ्यायला कचरणारे आणखी असतील हे मान्य, पण त्या आकड्याच्या जोरावर माणसे जाळली गेली आहेत. म्हणून तो उच्चारण्याआधी तपासावा, एवढीच माझी विनंती आहे.

मे 1998 मध्ये हिशेब चुकता करायची वेळ आली. रुपिया कोसळला होता, तेलाचे आणि तांदळाचे भाव भडकले होते. 12 मे रोजी जकार्तात चार विद्यार्थी गोळीबारात मरण पावले आणि पुढचे तीन दिवस ग्लोडोकसह शहरातली चिनी दुकाने लुटली गेली, जाळली गेली. अनेक चिनी स्त्रियांवर बलात्कार झाले, हे सरकारनेच नेमलेल्या सत्यशोधन पथकाने नोंदवले आहे. मृतांची संख्या हजाराहून अधिक. त्यात बहुसंख्य मात्र चिनी नव्हते. लूट करायला बाजारसंकुलांत शिरलेली आणि आग लागल्यावर आत अडकलेली गरीब वस्त्यांतील माणसे होती. सालिम यांचे जकार्तातील घर जमावाने जाळले, पण त्या वेळी ते देशात नव्हते. ज्यांना विमानाचे तिकीट परवडत नव्हते ते दुकानदार देशातच होते. 21 मे रोजी सुहार्तो पायउतार झाले. त्याच आठवड्यात हाँगकाँगमध्ये बॅडमिंटनच्या थॉमस आणि उबेर या सांघिक चषकांचे सामने चालू होते. सुसी सुसांती, हेंद्रावान यांच्यासारखे चिनी वंशाचे खेळाडू घरच्यांच्या खुशालीची काळजी करत इंडोनेशियासाठी खेळत होते, आणि 24 मे रोजी इंडोनेशियाने थॉमस चषक जिंकला. ‘मनाने कोणाचे’ या प्रश्नाला याहून ठाम उत्तर कोणते द्यायचे, मला सुचत नाही.

माझ्या ओळखीच्या दोन निर्यातदारांनी त्या महिन्यात कुटुंबे पेनांग आणि सिंगापूरला हलवली. एकाने आमच्या मालाची भरणी मेदानच्या बेलावान बंदरातून ठरल्यापेक्षा अकरा दिवस उशिरा केली आणि उशिराबद्दल भाव कमी करून द्यायची तयारी दाखवली. आम्ही ती सवलत घेतली. आज घेतली नसती.

त्यानंतरचे बदल खरे आहेत आणि ते कमी लेखू नयेत. अध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी 2000 मध्ये 1967 ची बंदी उठवली. त्यांच्यानंतरच्या अध्यक्षा मेगावती यांच्या काळात, 2003 पासून, चिनी नववर्षाची राष्ट्रीय सुटी सुरू झाली. अध्यक्ष ‘मूळ इंडोनेशियन’च असावा, ही राज्यघटनेतील अट 2001 च्या दुरुस्तीने जन्मजात नागरिकत्वाच्या अटीत बदलली, आणि 2006 च्या नागरिकत्व कायद्याने ‘मूळ इंडोनेशियन’ या शब्दांची व्याख्याही वंशावरून काढून जन्मावर आणली. 2014 मध्ये ‘चिना’ शब्द सरकारी लिखाणातून गेला. त्याच वर्षी बेलितुंग बेटावरचा बासुकी चाहाया पुर्नामा, म्हणजे ‘अहोक’, जकार्ताचा गव्हर्नर झाला. चिनी वंशाचा आणि ख्रिश्चन. कामाला वाघ, तोंडाला फटकळ. सप्टेंबर 2016 मध्ये एका भाषणात कुराणातील आयतीचा उल्लेख केल्यावरून त्याच्याविरुद्ध प्रचंड मोर्चे निघाले, 2017 च्या एप्रिलमध्ये तो निवडणूक हरला आणि मे महिन्यात ईशनिंदेखाली दोन वर्षांसाठी तुरुंगात गेला. काहींना यात काहीही न बदलल्याचा पुरावा दिसतो. मला तसे वाटत नाही. निवडणूक हरतानाही जकार्ताच्या चाळीस टक्क्यांहून अधिक मतदारांनी, ज्यांत बहुसंख्य मुसलमान होते, त्याला मत दिले. चुकोंगला कोणी मत देऊ शकत नव्हते. अहोकला मत देता आले आणि नाकारताही आले.

मलेशियात अट उघडपणे लिहिली गेली, म्हणून ते प्रकरण लवकर सांगून होते. 1957 च्या स्वातंत्र्यावेळी तडजोड झाली: चिनी आणि भारतीय वंशाच्यांना नागरिकत्व, मलय समाजाला राज्यघटनेच्या कलम 153 नुसार विशेष स्थान. 13 मे 1969 च्या क्वालालंपूरमधील दंगलीत सरकारी आकड्यानुसार 196 माणसे मेली, आणि 1971 पासून नवे आर्थिक धोरण आले. तेव्हा कंपन्यांच्या भागभांडवलात भूमिपुत्रांचा वाटा 2.4 टक्के होता. तो वीस वर्षांत 30 टक्क्यांवर न्यायचा होता. (‘भूमिपुत्र’ हाच शब्द, संस्कृतातूनच गेलेला. मराठी कानाला तो ओळखीचा वाटतो, म्हणून त्यामागचा हिशेबही आपल्याला कळला, असे समजू नये.) त्या घडीला साठ टक्क्यांहून अधिक भाग ब्रिटिशादी परकीयांच्या हातात होते, चिन्यांच्या नव्हे, हे सहसा सांगितले जात नाही. धोरणाने मलय मध्यमवर्ग उभा केला, हे खरेच. चिनी वंशाच्या तरुणाला मात्र विद्यापीठाचा कोटा आणि सरकारी नोकरी यांपाशी दार बंद दिसले, आणि तो ऑस्ट्रेलियाला, सिंगापूरला गेला. धंद्यात ‘अली-बाबा’ पद्धत आली: परवाना अलीच्या, म्हणजे मलय माणसाच्या नावावर, काम बाबाचे, म्हणजे चिनी माणसाचे. चुकोंगचेच भावंड ते. जोहोर बाहरूमध्ये 1923 साली जन्मलेले साखरसम्राट रॉबर्ट क्वोक यांनी सत्तरच्या दशकात मुक्काम हाँगकाँगला हलवला. त्यांचे पुतणे क्वोक खून होंग आणि सुमात्राच्या पेमातांग सिआंतारचे मार्तुआ सितोरुस यांनी 1991 मध्ये विल्मार ही कंपनी उभी केली, सिंगापूरला. आपल्या स्वयंपाकघरातील ‘फॉर्च्यून’ तेलाच्या पिशवीमागे अदानी समूहाबरोबर भागीदार म्हणून उतरलेली हीच ती कंपनी. मलेशिया आणि इंडोनेशियातील पाम तेल, सिंगापूरची कचेरी, मुंद्र्याचा कारखाना: माणसाला दोन देशांत पाय ठेवायची सवय का लागते, ते या नकाशावर दिसते.

थायलंडमध्ये हाच समाज, दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरूनच आलेला, आज शोधूनही वेगळा सापडत नाही. तेथेही द्वेष होता. राजा वजिरावुध याने 1914 मध्ये चिन्यांना ‘पूर्वेचे ज्यू’ ठरवणारा लेख लिहिला आणि लष्करशहा फिबूनच्या राजवटीत 1938 नंतर चिनी शाळांवर व धंद्यांवर निर्बंध आले. तरी 1913 च्या कायद्याने सयामात (हे थायलंडचे जुने नाव) जन्मलेले मूल सयामीच होते. थाई आडनाव घेतले, थाई शाळेत गेले, बौद्ध विहारात गेले, की दुसरा दाखला कोणी मागत नसे. नाव बदलण्याच्या मोबदल्यात थायलंडने आपलेपणा दिला. इंडोनेशियाने नाव बदलून घेतले आणि वर दाखलाही मागितला. थाई नमुना निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. बँकॉकमधील माझ्या समवयस्क व्यापाऱ्यांना आजोबांची तेओचिऊ बोली येत नाही आणि त्याचे दुःख ते जेवणानंतर बोलून दाखवतात. पण पंतप्रधान झालेल्या चिनी वंशाच्या थाक्सिन शिनावात्रा यांच्यावर जेव्हा लोक तुटून पडले, तेव्हा आरोप भ्रष्टाचाराचा आणि राजनिष्ठा नसल्याचा होता. त्यांच्या पणजोबांचे गाव कोणी काढले नाही.

आता चीनकडे. 1980 च्या चिनी नागरिकत्व कायद्यानुसार परदेशी नागरिकत्व घेतलेला माणूस चीनचा नागरिक राहत नाही. चिनी भाषेतही परदेशात राहणारा चिनी नागरिक ‘हुआछिआओ’ आणि चिनी वंशाचा परदेशी नागरिक ‘हुआरेन’, असे दोन वेगळे शब्द आहेत. अलीकडे पेकिंगच्या भाषणांत ही रेघ पुसट होते आहे, आणि त्याचा त्रास सर्वांत आधी मेदान-पेनांगच्या माणसाला होतो. इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरच्या निकेलच्या कारखान्यांत चीनहून आलेल्या कामगारांविषयी अफवा उठली, की ग्लोडोकचा दुकानदार शटर अर्धे खाली ओढतो. त्या कामगारांशी त्याची भाषाही जुळत नाही.

पैसा मात्र चीनमध्ये गेला, हे खरे. थायलंडचा सीपी समूह शेन्झेनमध्ये अगदी सुरुवातीला, 1979 मध्ये, गुंतवणूक करणाऱ्या परदेशी कंपन्यांपैकी होता. नाती, बोली, आजोळ यांचा उपयोग झालाच. पण त्याच बाजारात जपानी, अमेरिकन आणि जर्मन कंपन्याही धावत होत्या आणि त्यांच्या निष्ठेविषयी कोणी शंका घेतली नाही. व्यवहार करताना मी जे पाहिले त्यानुसार नात्याने पहिली भेट मिळते. दुसरी भेट भाव आणि वेळेवर पैसे यांवरच ठरते. शिवाय इंडोनेशियाने 2016-17 मध्ये करमाफी योजना आणली, तेव्हा लोकांनी परदेशात ठेवलेली जी मालमत्ता जाहीर केली, तिचा सर्वांत मोठा वाटा सिंगापूरमध्ये होता. ज्याला चीन आपला वाटतो तो पैसा चीनमध्ये ठेवतो. या माणसांनी तो दीड-दोन तासांच्या विमानप्रवासावर ठेवला, जेथून घरी परतता येईल.

हे सारे लिहिताना आपल्याकडचे एक पान वगळणे अप्रामाणिक ठरेल. 1962 च्या युद्धात आसाममधील माकुमसारख्या वस्त्यांतून आणि इतर ठिकाणांहून चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना उचलून राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवले गेले. त्यांत भारतात जन्मलेले होते, आई भारतीय असलेले होते. काही जण तेथे काही वर्षे राहिले, आणि परतले तेव्हा दुकान दुसऱ्याचे झाले होते. मुंबईत माझगावला नवाब टँक रस्त्यावरच्या लहानशा चिनी मंदिरात नववर्षाला अजूनही काही कुटुंबे जमतात. तेथे मी दोनदा गेलो आहे. दुसऱ्या वेळी एका वृद्ध गृहस्थांशी बोलणे निघाले, त्यांचे मराठी माझ्या मुलांपेक्षा चांगले होते; आणि मी मेदानची तिजोरी व तिच्यातील दाखल्यांविषयी सांगितल्यावर ते हसून म्हणाले, “आमच्याकडे पण आहे. पोलीस ठाण्याचा.”